कळलावी धोक्यात आहे का, आणि गावच्या नोंदवहीत काय लिहायचं?

प्रश्न शिरपूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिकेचा आहे. त्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत आहेत आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेल्या माहितीची वही, भरायचं काम त्यांच्याकडे आलं आहे. त्या लिहितात: "कळलावीपाशी अडले आहे. जागतिक लाल यादीत ती 'लीस्ट कन्सर्न' गटात आहे, म्हणजे फारशी काळजी नाही. पेपरात दर श्रावणात 'दुर्मिळ कळलावी फुलली' असं फोटोसकट छापून येतं. आणि गावातली म्हातारी माणसं म्हणतात, आधी प्रत्येक बांधावर होती, आता डोंगरात जावं लागतं. तिघांत खरं कोणाचं? मी नोंदवहीत काय लिहू?"

ताई, लाल यादी आणि तुमची म्हातारी माणसं दोघंही खरं सांगताहेत. चूक पेपरची आहे. आता नीट सांगतो, कारण हा गोंधळ एकट्या कळलावीपुरता नाही. मी तीस वर्षांहून जास्त काळ वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि सातपुड्याच्या पायथ्यापासून पाटणादेवीपर्यंत पावसाळे फिरण्यात घालवले. 'दुर्मिळ', 'धोक्यात' आणि 'कमी झालेली' हे तीन शब्द एकाच अर्थानं वापरल्यामुळे जेवढं नुकसान होताना पाहिलं, तेवढं अज्ञानामुळेही झालेलं पाहिलं नाही.

लाल यादीपासून सुरुवात करू. ती आययूसीएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, ही संस्था करते. संस्था 1948 सालची, यादीचं काम 1964 पासूनचं. या यादीला विचारलेला प्रश्न एकच असतो: ही जात संपूर्ण जगातून नाहीशी होण्याची शक्यता किती? तुमच्या गावातून, शिरपूर तालुक्यातून किंवा खान्देशातून ती जाईल का, हे त्या यादीला कुणी विचारलेलंच नसतं. कळलावी आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला सगळीकडे आहे. भारतात, श्रीलंकेत, म्यानमारमध्ये, पुढे दक्षिण चीन आणि आग्नेय आशियापर्यंत आहे. झिम्बाब्वेचं ते राष्ट्रीय फूल आहे, तामिळनाडूचं राज्यफूल आहे. एवढ्या पसाऱ्याची जात जगातून नाहीशी होणार नाही, असं यादी म्हणते. ते बरोबरच आहे.

यादीचे निकष आकड्यांचे असतात. ते एकदा समजले की मनातला गोंधळ जातो. 'व्हल्नरेबल', म्हणजे असुरक्षित, हा धोक्याच्या तीन गटांतला पहिला. त्यात जायला पाच निकषांपैकी एखादा तरी पुरा व्हावा लागतो. एक निकष घटीचा आहे: दहा वर्षांत किंवा त्या जातीच्या तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्या काळात, जगातली एकूण संख्या किमान 30 टक्क्यांनी घटलेली हवी. दुसरा निकष टापूचा: जगभरातला तिचा विस्तार 20,000 चौरस किलोमीटरपेक्षा कमी हवा, शिवाय तो टापू तुकड्यातुकड्यांत विखुरलेला आणि घट चालू, अशा अटी. आता पाहा. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून आपला खान्देश जवळपास 25,000 चौरस किलोमीटरचा होतो. म्हणजे एखादं फूल जगात फक्त खान्देशात आणि खान्देशभर उगवत असतं, तरी निव्वळ टापूच्या निकषावर ते असुरक्षित ठरलं नसतं! मग दोन खंडांवर पसरलेल्या कळलावीच्या बाबतीत आपल्या तीन जिल्ह्यांत काय घडतंय, हे त्या चाळणीत कुठे दिसणार? खान्देशातली शेवटची कळलावी उद्या उपटली गेली, तरी तिचा गट बदलणार नाही. तेवढ्यावरून यादी खोटी ठरत नाही, कारण तिचं मोजमापच निराळं आहे.

एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. हीच कळलावी ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या किनारपट्टीवर, उपद्रवी तण आहे. तिथे ती शोभेचं झाड म्हणून नेली, बागेतून निसटली आणि वाळूच्या टेकड्यांवरच्या स्थानिक झाडोऱ्यावर चढून बसली. तिथले लोक दरवर्षी मेहनतीनं तिचे कंद उपटतात. एकाच वनस्पतीला एका देशात उपटणं म्हणजे निसर्ग राखणं आणि दुसऱ्या देशात उपटणं म्हणजे निसर्ग मोडणं. स्थिती हा शब्द जागेला बांधलेला असतो, तो असा.

तरी 'लीस्ट कन्सर्न' वाचून निवांत बसायचं नाही. 'सगळीकडे आहे' आणि 'सुरक्षित आहे' यांच्यातलं अंतर आपण गिधाडांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं आहे. साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की पांढऱ्या पाठीची गिधाडं किती उतरायची. त्यांना कुणी दुर्मिळ म्हटलं असतं तर लोक हसले असते. 1990 नंतरच्या काही वर्षांत ती भारतातून 99 टक्क्यांहून जास्त संपली. कारण गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर उशीर झाला होता. उलट बाजूचं उदाहरण शिंदळ माकुडी या वनस्पतीचं. ती महाराष्ट्राबाहेर नाहीच, इथेही सह्याद्रीतल्या मोजक्या डोंगरकड्यांवर. खरी दुर्मिळ. पण फांदी लावली की कुंडीत सहज जगते, त्यामुळे बागांमधून आता कितीतरी ठिकाणी वाढवलेली आहे. दुर्मिळ असणं म्हणजे मुळात थोडी असणं. धोक्यात असणं म्हणजे पूर्वी होती त्यापेक्षा वेगानं कमी होत जाणं. कळलावी पहिल्या अर्थानं दुर्मिळ कधीच नव्हती, आजही नाही. दुसऱ्या अर्थाचं उत्तर गावागणिक वेगळं निघेल.

'दुर्मिळ' शब्दाबद्दल माझी तक्रार भाषेपुरती नाही. दुर्मिळ म्हटलं की किंमत येते. फोटोखाली डोंगराचं नाव छापलं जातं आणि पुढच्या आठवड्यात कुणीतरी कुदळ घेऊन पोचतं. पेपरात फोटो आलेल्या एका टेकाडावर मी पंधरा दिवसांनी गेलो होतो. वाटेपासून हाकेच्या अंतरावर हातभर खोल खड्डा, कडेला ओली माती. बोरीच्या झुडपावर वेल तसाच लोंबत होता, पानांच्या टोकांचे तणावे अजून फांदीला घट्ट धरून होते, आणि वर दोन फुलं: एक पूर्ण लाल झालेलं, दुसऱ्याची पिवळी कड अजून गेली नव्हती. खाली कंदच नव्हता. कंद गेल्याचं फुलांना अजून कळलेलं नव्हतं, असंच वाटलं. खड्ड्याच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा एक पांढरट तुकडा पडला होता. तो उचलून पाहिला, तर ते कंदाचं टोक होतं, कोंब असलेलं. ओढताना मोडलं असणार आणि नेणाऱ्याला त्याचा उपयोग नसणार.

त्या तुकड्यात या वेलाचं सगळं मर्म आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. कळलावीचा कंद बोटासारखा गोलसर, आणि बहुतेक वेळा दोन फाट्यांचा, मध्ये कोन करून वाकलेला असतो. संस्कृतात तिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर, आणि हे नाव कंदाच्या आकारावरून पडलं असं मानतात. बटाट्याला जागोजागी डोळे असतात, कुठूनही कापला तरी एखादा फुटतो. कळलावीचं तसं नाही. कोंब फाट्याच्या टोकाला असतो आणि फार नाजूक असतो. तो मोडला की उरलेला कंद कितीही जाडजूड असला तरी बहुधा वाया जातो. शिवाय कंद दरवर्षी बदलतो. मृगात जुन्या कंदातून वेल वर येतो, त्याला पोसता पोसता जुना कंद सुरकुतत जातो आणि त्याच चार महिन्यांत त्याच्या जागी नवा तयार होतो. दिवाळी उलटल्यावर वेल वाळून जमिनीवर काही उरत नाही. पुढच्या जूनपर्यंत सगळं त्या नव्या कंदात झोपलेलं असतं.

आता कंद काढणारा केव्हा येतो, याचा विचार करा. वेल वाळल्यावर तो सापडतच नाही. हिरव्या झुडपात नुसती पानं असतानाही सहजी ओळखू येत नाही. तो येतो फूल दिसल्यावर. लांबून दिसणारं लालपिवळं फूल हाच तिचा पत्ता. म्हणजे नवा कंद अजून भरतोय, बोंड धरायचं आहे, बी पडलेलं नाही, नेमक्या त्या वेळी ती खणली जाते. त्या खड्ड्यातून त्या वर्षीचा वेलही जातो आणि त्या वर्षीचं बीही.

बियांचा हिशेबही सावकाशीचा आहे. हिरवं बोंड पिकलं की उकलतं आणि आत शेंदरी-लाल बिया ओळीनं चिकटलेल्या दिसतात. त्या रुजायला फार वेळ घेतात, सगळ्या रुजतही नाहीत. रुजलेल्या रोपाला पहिल्या वर्षी एवढासा कंद धरतो. बीपासून फुलापर्यंत साधारण तीन ते चार वर्षं जातात. म्हणून नुसते फुललेले वेल मोजून 'पुष्कळ आहेत' असं म्हणणं फसवं ठरतं. गावात माणसं भरपूर, पण सगळी साठीच्या पुढची आणि पाळणा एकाही घरात हलत नाही, तशी गत एखाद्या डोंगराची झालेली असू शकते.

फूलही एकदा जवळून पाहा, मुलांना दाखवा. हात न लावता! उमलताना ते खाली तोंड करून असतं. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, आणि त्या मागे वळून वर उभ्या राहतात, ज्योतीसारख्या. अग्निशिखा हे नाव त्यावरूनच. आधी हिरवट, मग पिवळ्या, मग खालून पिवळ्या वर लाल, शेवटी सगळ्याच लाल. एकाच वेलावर हे सगळे टप्पे एकदम दिसतात. सहा पुंकेसर आडवे पसरलेले असतात, आणि कुक्षीवृंत, म्हणजे बीजांडकोशातून निघणारा दांडा, तळापाशीच काटकोनात मोडून एका बाजूला लांब गेलेला असतो. अशी मांडणी असताना फुलाचे परागकण आपोआप त्याच्याच कुक्षीवर पडणं अवघड. कुणीतरी यावं लागतं: फुलपाखरं येतात, शिंजीर येतात. तामिळनाडूत करूर, दिंडिगल, तिरुप्पूर या भागांत शेतकरी कळलावीची लागवड करतात, तिथे चांगलं बी धरावं म्हणून माणसं हातानं परागीकरण करतात. रानात कुणी कुंचला घेऊन फिरत नाही. शंभर पावलांत एकच वेल उरला असेल तर त्याच्या फुलांना दुसऱ्या वेलाचे परागकण कुठून मिळायचे?

ती लागवड आहे कोल्चिसिनसाठी. हे द्रव्य कळलावीच्या सगळ्या भागांत असतं, कंदात आणि बियांत जास्त. गाऊटवर, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांधे सुजतात त्या दुखण्यावर, ते आधुनिक औषध आहे. वनस्पतींची गुणसूत्रं दुप्पट करण्यासाठी पीकसंशोधनातही वापरतात. शेतातला माल मुख्यतः बियांचा असतो, कंद जमिनीतच राहतो. औषधाची मोठी गरज अशा शेतांतून भागवता येते. तेव्हा 'औषधासाठी लागते म्हणून रानातून काढावीच लागते' असं तुमच्या गावात कुणी म्हणालं, तर ते खरं नाही हे ठामपणे सांगा. रानातला कंद जातो तो किरकोळ खरेदीदाराकडे, आणि खणणाऱ्या माणसाच्या हाती त्यातलं फार थोडं पडतं. त्या माणसाला गुन्हेगार ठरवून काही साधत नाही. त्याच्याशी बोलावं लागतं.

आता तुमच्या म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं. बांधावरची कळलावी जाण्यात कंद खणणाऱ्यांचा हात थोडा. खरी ती बांधच गेल्यानं गेली. तिला तीन गोष्टी हव्यात: पाणी न साचणारी जागा, उन्हाळाभर न उकरलेली माती आणि चढायला झुडूप. पानाचं टोकच तणावा होऊन शेजारच्या काडीला वेटोळं घालतं, म्हणून झुडूप नसेल तर वेल आडवा पडतो. जुन्या रुंद बांधावर बोर, सीताफळ, हिवर, थोर असायचे. त्यात तिला सगळं मिळायचं. पुढे जेसीबीनं बांध कोरून निम्मे झाले, काटेरी कुंपणाच्या जागी तार आली, उरलेल्या बांधावर तणनाशक फिरलं. कापसाच्या काळ्या रानात तिची जागाच बांधावर होती. ती गेली आणि वेल डोंगराच्या मुरमाड उतारावर तेवढा राहिला. म्हणून 'आता डोंगरात जावं लागतं' हे वाक्य नोंदवहीत जसंच्या तसं, सांगणाऱ्याच्या वयासह लिहून घ्या. तो पुरावा आहे.

चराईला मात्र पहिला दोष देऊ नका. गुरं-शेळ्या कळलावीला सहसा तोंड लावत नाहीत. खुरांखाली रोपं जातात तेवढंच. घाणेरी, म्हणजे लँटाना, या बाहेरून येऊन रानात माजलेल्या झुडपाबद्दलही मी जपून बोलतो. घाणेरीच्या जाळीवर चढून फुललेली कळलावी मी पुष्कळदा पाहिली आहे, तेव्हा घाणेरी आली की कळलावी संपली असं सरसकट म्हणणार नाही. पण घाणेरी गच्च माजलेल्या ठिकाणी खाली वाकून पाहिलं तर कळलावीची कोवळी रोपं मला क्वचितच दिसली. तुमच्या डोंगरावर काय दिसतं ते तुम्हीच पाहा.

नावाचीही एक बाजू आहे. कळ म्हणजे भांडण, आणि कळ म्हणजे वेणाही. बाळंतपण अडलं की कंद उगाळून लावायची जुनी रीत होती, म्हणून ती कळा लावणारी. दुसरा अर्थ लोकांच्या जास्त तोंडात आहे. लहानपणी मी हे फूल हातात घेऊन अंगणापर्यंत आलो तर आजी ओट्यावरूनच ओरडली होती, "हाई फूल घरमा आनू नको रे भाऊ, भांडन लागस!" कोकणात काही ठिकाणी हीच फुलं गौरीला वाहतात. आपल्याकडे ती उंबऱ्याबाहेर राहिली. मला वाटतं, या समजुतीनं फुलं तोडण्यापासून वेलाला थोडं राखलं. पण दारापुढचा वेल 'भांडणाचं झाड' म्हणून उपटूनही टाकला गेला असेल. नोंदवहीत कळलावी, खड्यानाग, अग्निशिखा ही नावं लिहाच, शिवाय पावरा आणि भिल्ल वस्त्यांवर त्यांच्या बोलीत काय म्हणतात ते त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या. काही जण तिला बचनाग म्हणतील. ते नाव आलं तर शेजारी खुलासा करा, कारण बाजारातला खरा बचनाग हिमालयातला, अगदी वेगळ्या कुळातला आहे.

मुलांना घेऊन जाणार असाल तर पहिली सूचना विषाची. आयुर्वेदात लांगलीची गणना उपविषांत आहे. कंद चुकून रानातला खायचा कंद समजून खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. खाल्ल्यावर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, मग रक्तावर आणि मूत्रपिंडांवर परिणाम होतो. वाचलेल्यांचे केस पुढच्या काही दिवसांत गळतात. यावर नेमका उतारा नाही. कुणाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता रुग्णालय गाठायचं, आणि उरलेला कंद किंवा पान सोबत न्यायचं. बाळंतपणातल्या जुन्या वापराची नोंद 'पूर्वी अशी रीत होती, घातक आहे' एवढीच करा. कृती आणि प्रमाण लिहू नका.

मोजणी कशी करायची हे सांगतो. याला पैसे लागत नाहीत, सवय लागते. गावाच्या शिवारात दोन वाटा ठरवा, एक बांधांची आणि एक डोंगराची, प्रत्येकी साधारण एक किलोमीटर. दरवर्षी त्याच. पोळ्याच्या आगेमागे, फूल ऐन भरात असताना, वाटेच्या दोन्ही बाजूंना चार-चार पावलांपर्यंत पाहत सावकाश चाला. फुललेले वेल, न फुललेले वेल आणि एकेरी काडीची लहान रोपं अशी तीन वेगळी गणती ठेवा. रोपं ओळखायला पहिल्या वर्षी जड जातं. पानाच्या टोकाची सुरळी शोधा, ती कोवळ्या पानावरही बहुधा दिसते. ताजे खड्डे दिसले तर तेही मोजा. मग दिवाळीच्या सुमारास त्याच वाटेनं परत जा आणि किती वेलांवर बोंडं धरली ते पाहा. बहुतेक जण ही दुसरी फेरी टाळतात. माझ्या मते मोजणीचं निम्मं मोल तिच्यातच आहे, कारण फुलं भरपूर आणि बोंडं नाहीत असं दिसलं तर अडचण परागीकरणाची आहे हे तिथेच कळतं.

एका वर्षाच्या आकड्यावर काहीही ठरवू नका. पाऊस लांबला की वेल उशिरा येतात आणि फुलं कमी लागतात. 'यंदा निम्म्या झाल्या' असं लिहिण्याआधी त्या वर्षीचा पाऊस शेजारच्या रकान्यात लिहा. पाच वर्षांचे आकडे हाती आल्यावर कल दिसतो. तोवर 'घट' हा शब्द लोकांच्या आठवणीच्या आधारे वापरा, आणि आठवणीच्या आधारे वापरला आहे असं स्पष्ट लिहा.

कायद्याचं थोडक्यात. यावल, अनेर किंवा गौताळा-औट्रमघाट यांसारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय काहीही खणणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती वनस्पती लाल यादीत कुठेही असो. अभयारण्याबाहेर चित्र वेगळं आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं मुळं, कंद, औषधी वनस्पती हे गौण वनोपज धरलं आहे आणि त्यावर वनात राहणाऱ्यांचा हक्क मानला आहे. त्याच कायद्यानं रान आणि त्यातली जैवविविधता राखायचा अधिकारही ग्रामसभेला दिला आहे. तेव्हा कळलावीचा कंद बोंडं उकलून बी पडेपर्यंत कुणी काढायचा नाही, असा ठराव तुमची ग्रामसभा करू शकते. मला विचाराल तर पहिली पाच वर्षं मुळीच काढायचा नाही, असाच ठराव करा. पण तो खणणाऱ्या घरांना समोर बसवून करा. त्यांच्यापैकी एखाद्याला मोजणीच्या फेरीत सोबत घ्या. वेल कुठे आहेत हे आपल्या कुणाहीपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

बांधावर परत आणायची इच्छा असेल तर डोंगरातले कंद उपटून बांधावर लावण्याचा उत्साह कुणी दाखवील, त्याला थांबवा. कोंब मोडतात, आणि एका जागेची भर दुसऱ्या जागेच्या मोडीतून होते. उकललेल्या बोंडांतलं थोडंसं बी, एका वेलावरची एक-दोन बोंडं, बाकी तिथेच सोडून, मृगाच्या तोंडावर झुडपं असलेल्या बांधावर टोकावं. हातमोजे घालून, आणि मोठ्या माणसांनीच. ज्याचा बांध त्याला आधी विचारून. ज्याच्या घरात लहान मूल आहे तो नको म्हणाला तर त्याचं बरोबर आहे. तीन-चार वर्षं काही दिसणार नाही, हेही त्याला आधीच सांगून ठेवा.

आणि तुमचा मूळ रकाना. मी असं लिहीन: "कळलावी. जागतिक स्थिती: लीस्ट कन्सर्न. गावातली स्थिती: डोंगरउतारावर तुरळक, बांधांवर फार थोडी, साठ वर्षांवरील इतक्या व्यक्तींच्या आठवणीप्रमाणे पूर्वी बांधांवर सर्रास. घटीची संभाव्य कारणं: बांध व काटेरी कुंपणं नष्ट होणं, तणनाशक, कंदांची खणणी. मोजणी चालू." 'इतक्या'च्या जागी खरा आकडा घाला. 'तुरळक' आणि 'फार थोडी' हे शब्द तुमच्या पहिल्या फेरीनंतर बदलावे लागले तर खुशाल बदला, मी तुमचा डोंगर पाहिलेला नाही. 'दुर्मिळ' लिहू नका. नेमकी जागा, गट नंबर, डोंगराचं नाव हे समितीकडच्या वेगळ्या कागदावर ठेवा, बाहेर फिरणाऱ्या प्रतीत नको. राज्यपातळीवर औषधी वनस्पतींची जी मूल्यमापनं झाली, त्यांत काही राज्यांनी कळलावीला असुरक्षित ठरवलं आहे. कुणी 'जगात चिंता नाही, मग तुम्ही का मोजता' असं विचारलं तर हे सांगायला उपयोगी पडेल.

नोंदीखाली तारीख घालाल ती वेल मोजले त्या दिवसाची घाला, वही भरायला बसलात त्या दिवसाची नको. पाच वर्षांनी दोन आकडे शेजारी ठेवताना एक फेरी श्रावणातली आणि दुसरी आश्विनातली निघाली, तर दोन्ही फेऱ्या फुकट जातात.